‘२९९’ : एक आकडा, एक दंतकथा आणि सेगाचा अस्त

१/१२
११ मे १९९५, लॉस एंजेलिस. ई-थ्री या व्हिडिओ गेम प्रदर्शनाचे पहिलेच वर्ष. सोनीच्या अमेरिकी शाखेचे प्रमुख स्टीव्ह रेस व्यासपीठावर आले, ‘दोनशे नव्याण्णव’ एवढेच उच्चारले आणि खाली उतरले. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. या एका आकड्याने सेगाचा पराभव झाला, असे आजही सांगितले जाते. ते कितपत खरे?

२/१२
थोडे मागे जाऊ. १९९० च्या सुमारास अमेरिकेत निन्टेंडोचे राज्य होते. १९९१ मध्ये सेगाच्या अमेरिकी शाखेचे प्रमुख टॉम कॅलिन्स्की यांनी ‘जेनेसिस’ची किंमत १४९ डॉलरवर आणली, सोबत ‘सॉनिक’ हा नवा खेळ दिला आणि निन्टेंडोची खिल्ली उडवणाऱ्या जाहिराती केल्या. किंमत, खेळ आणि प्रतिमा ही तिन्ही अस्त्रे एकदम सुटली. मक्तेदारी मोडली.

३/१२
त्याच वर्षी जूनमध्ये शिकागोच्या प्रदर्शनात सोनीने निन्टेंडोच्या सहकार्याने सीडीवर चालणारे यंत्र आणत असल्याचे जाहीर केले. दुसऱ्याच दिवशी निन्टेंडोने फिलिप्सशी हातमिळवणी जाहीर केली. या जाहीर मानहानीनंतरही सोनीचे अभियंते केन कुतारागी यांनी प्रकल्प सोडला नाही. त्यातूनच पुढे ‘प्लेस्टेशन’ साकारले.

४/१२
आता पुन्हा ११ मे १९९५. रेस यांच्या आधी त्याच दिवशी कॅलिन्स्की बोलले होते. सेगाचा ‘सॅटर्न’ २ सप्टेंबरला येणार, अशी सर्वांची समजूत होती. कॅलिन्स्कींनी सांगितले की तो आजच दुकानांत आहे. किंमत ३९९ डॉलर. प्लेस्टेशन आले ९ सप्टेंबरला, १०० डॉलरने स्वस्त.

५/१२
मात्र सॅटर्नचे खरे नुकसान त्या १०० डॉलरपलीकडचे होते. यंत्रे मोजक्याच विक्रेत्यांना मिळाली. डावलले गेलेले दुकानदार संतापले. केबी टॉइज या साखळीने तर सेगाचा माल ठेवणेच नाकारले. सप्टेंबर डोळ्यांसमोर ठेवून खेळ घडवणाऱ्या बाहेरच्या कंपन्या बेसावध राहिल्या. यंत्र आले, पण खेळ मोजकेच.

६/१२
शिवाय सॅटर्नमध्ये दोन मुख्य प्रोसेसर होते. दोघांकडून एकत्र काम करून घेणे प्रोग्रामरांना जड जाई. प्लेस्टेशनची रचना त्या मानाने सुटसुटीत होती. जिथे काम सोपे, तिथे खेळ घडवणारे वळले.

७/१२
निन्टेंडोनेही १९९६ च्या ‘निन्टेंडो ६४’साठी कार्ट्रिजच कायम ठेवले. ते महाग आणि साठवणक्षमतेत तोकडे. सीडी स्वस्त आणि प्रशस्त. ‘फायनल फँटसी’ मालिका आजवर निन्टेंडोच्या यंत्रांवर वाढली होती. तिचा सातवा भाग १९९७ मध्ये तीन सीडींवर आला, तो प्लेस्टेशनसाठी.

८/१२
प्रतिमेचा डावही सोनीने जिंकला. जेनेसिसने किशोरवयीनांना आपलेसे केले होते; सोनी विशीतल्या तरुणांकडे गेली. ‘वाइपआउट’सारख्या खेळाला नाइटक्लबमधल्या संगीताची साथ होती. मोठ्या माणसाने कन्सोल बाळगण्यात आता संकोच उरला नाही.

९/१२
निकाल : प्लेस्टेशन १० कोटींहून अधिक, निन्टेंडो ६४ सुमारे ३ कोटी ३० लाख, सॅटर्न ९० लाखांच्या आसपास. मग ‘२९९’नेच लढाई जिंकली का? याचे उत्तर सेगाच्या पुढच्या यंत्राने दिले.

१०/१२
९ सप्टेंबर १९९९ रोजी अमेरिकेत ‘ड्रीमकास्ट’ आला. किंमत १९९ डॉलर, खेळही दर्जेदार. सुरुवात दणक्यात झाली. पुढच्या वर्षी किंमत १४९ डॉलरपर्यंत उतरली. ऑक्टोबर २००० मध्ये ‘प्लेस्टेशन २’ आला तो पुन्हा २९९ डॉलरलाच. म्हणजे आता सेगा निम्म्या किमतीत उभी होती. तरीही ती हरली.

११/१२
कारण जुना अविश्वास संपला नव्हता. १९९४ मध्ये विकलेले ‘३२एक्स’ हे जोडयंत्र सेगाने लवकरच वाऱ्यावर सोडले होते. सॅटर्नचीही तीच गत झाली. इलेक्ट्रॉनिक आर्ट्ससारख्या मोठ्या कंपनीने ड्रीमकास्टसाठी एकही खेळ काढला नाही. उलट प्लेस्टेशन २ वर जुन्या प्लेस्टेशनचे खेळ चालत आणि डीव्हीडीवर चित्रपटही पाहता येत. ग्राहकाची आधीची खरेदी वाया जाणार नव्हती.

१२/१२
३१ जानेवारी २००१ रोजी सेगाने ड्रीमकास्टचे उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले. अध्यक्ष इसाओ ओकावा यांनी जवळजवळ ७० कोटी डॉलरची वैयक्तिक संपत्ती कंपनीला दिली आणि मार्चमध्ये त्यांचे निधन झाले. सेगा वाचली, पण केवळ खेळ घडवणारी कंपनी म्हणून. वर्ष संपण्याआधीच सॉनिक निन्टेंडोच्या यंत्रावर धावू लागला. कमी किंमत ग्राहकाला दुकानापर्यंत आणते. पण उद्याही या यंत्रासाठी खेळ येत राहतील, हा भरवसा तिला विकत घेता येत नाही. सेगाने तो गमावला होता, ‘२९९’ उच्चारले जाण्याच्या काही तास आधीच.