वास्तूचे महत्त्व वेळीच लिहून ठेवावे



ओकव्हिलच्या लेकशोर रस्त्यावर टर्नर चॅपल नावाचे जुने चर्च आहे. अमेरिकेतील गुलामगिरीतून सुटून या बंदरात आलेल्या कृष्णवर्णीयांच्या समाजाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते उभारले. पुढे तेथील उपासना थांबली आणि त्या वास्तूत जुन्या वस्तूंचे दुकान आले. भिंती राहिल्या, प्रार्थना मात्र राहिली नाही. त्या वास्तूसमोरून जाताना आम्हांस आपल्या वास्तू आठवतात.

ऑन्टारिओचा वारसा कायदा 1975 चा. आरंभी नगरपरिषदेला पाडकाम केवळ लांबवता येई; ते कायमचे नाकारण्याचा अधिकार तिला 2005 च्या दुरुस्तीने मिळाला. संरक्षण देताना वास्तूचे महत्त्व कशात आहे आणि तिची कोणती वैशिष्ट्ये जपायची, हे लेखी नोंदवावे लागते. त्या वैशिष्ट्यांना बाध आणणारा बदल करण्यास परिषदेची संमती लागते.

दादरचे आंबेडकर भवन आणि तेथील बुद्धभूषण छापखाना 25 जून 2016 च्या पहाटे जमीनदोस्त झाला. बाबासाहेबांच्या चळवळीची पत्रे जेथे छापली गेली, त्या वास्तूला कायद्याचे कोणतेही कवच वाचवू शकले नाही.

लंडनमधील प्रश्न निराळा होता. 1921-22 मध्ये बाबासाहेब राहिले ते 10, किंग हेन्रीज रोड हे घर महाराष्ट्र शासनाने 2015 मध्ये विकत घेतले. तेथे पाडकामाचा नव्हे, तर वापर बदलण्याचा वाद झाला. निवासी जागा कमी होईल म्हणून कॅम्डेन परिषदेने 2018 मध्ये संग्रहालयास परवानगी नाकारली. 2019 मध्ये चौकशी होऊन मार्च 2020 मध्ये ब्रिटिश सरकारने ती दिली. बाबासाहेबांच्या वास्तव्याचे मोल तेथे पुराव्यानिशी मांडता आले, हे आम्ही महत्त्वाचे मानतो.

सर्व संस्कार अनित्य आहेत, ही तथागतांची शिकवण आम्ही जाणतो. परंतु अनित्यतेचे नाव घेऊन हेळसांड करणे हा धम्म नव्हे. आपापल्या गावचे विहार कोणाच्या जागेवर उभे राहिले, पहिली वर्गणी कोणी दिली, पहिली वंदना केव्हा झाली, हे सांगू शकणारी पिढी आज वृद्ध झाली आहे. पुढच्या सुट्टीत मायदेशी गेल्यावर त्यांच्याजवळ बसावे, तारखेसह सारे लिहून घ्यावे आणि जागेची कागदपत्रे पाहून ठेवावीत. वास्तूच्या बचावाची वेळ येईल, तेव्हा हाच पुरावा कामी येईल.