पगारी पाहुणे : जपानमधले परदेशी इंग्रजी शिक्षक

जपानमध्ये इंग्रजी शिकवणारा पहिला इंग्रजीभाषक कैदी होता. रॅनल्ड मॅकडोनल्डचे वडील हडसन्स बे कंपनीतले स्कॉटिश अधिकारी, तर आई अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या चिनुक जमातीतली. परक्यांना देशात पाऊल ठेवायला बंदी असतानाच्या काळात, 1848 साली, तो व्हेलच्या शिकारीच्या जहाजावरून मुद्दाम उतरला आणि एकटाच होडी वल्हवत उत्तरेकडच्या बेटांवर पोहोचला. त्याला पकडून नागासाकीला नेले आणि एका मंदिराच्या आवारात कोंडून ठेवले. तिथे सरकारी दुभाषे त्याच्याकडे येऊ लागले. त्यांना डच येत होती, इंग्रजी मात्र पुस्तकापुरती. ते वाचून दाखवत आणि मॅकडोनल्ड उच्चार सुधारे. ‘ल’ आणि ‘र’ यांची गल्लत तेव्हाही होतीच. अशा 14 विद्यार्थ्यांना त्याने काही महिने शिकवले. 1849 च्या एप्रिलमध्ये अमेरिकन युद्धनौकेने त्याला परत नेले. त्याचा विद्यार्थी मोरियामा एइनोसुके पुढे 1854 मध्ये अमेरिकन आरमाराच्या कमोडोर पेरीशी झालेल्या वाटाघाटींत दुभाषा होता.

1868 च्या सत्तांतरानंतर मेइजी सरकारने परदेशी तज्ज्ञ पगारावर आणायला सुरुवात केली. त्यांना ‘ओयातोई गाइकोकुजिन’, म्हणजे नोकरीवर ठेवलेले परदेशी, असे म्हणत. इंजिनिअर, डॉक्टर, कायदेपंडित आणि शिक्षक असे सगळेच त्यांत होते. धोरण सरळ होते: भरपूर पगार द्यायचा, ठरावीक मुदतीचा करार करायचा, विद्या शिकून घ्यायची आणि मग त्या जागी आपला माणूस बसवायचा. या शिक्षकांचे रोजचे जगणे समजायला हा करारच आधी समजून घ्यावा लागतो. मान, घर आणि नोकर हे सगळे त्यात होते. कायमपण तेवढे नव्हते.

हिंडण्याफिरण्यावरही बंधने होती. तहाने खुल्या केलेल्या बंदरांपासून परदेशी माणसाला 10 री, म्हणजे साधारण 40 किलोमीटर, एवढेच फिरता येई. त्यापलीकडे जायचे तर परवाना लागे. आतल्या प्रांतात नोकरी करणाऱ्याला तो मालकामार्फत मिळे. सुरुवातीच्या वर्षांत तलवारधारी रक्षकही सोबत असत, आणि ती सोबत नावापुरती नव्हती. 1871 च्या जानेवारीत तोक्योत दोन परदेशी शिक्षकांनी रक्षकांना रजा देऊन रात्री भटकंती केली आणि त्यांच्यावर तलवारीचे वार झाले. दोघेही वाचले.

त्या जखमींची शुश्रूषा करणाऱ्यांत नुकताच आलेला विल्यम एलियट ग्रिफिस होता. रटगर्स कॉलेजात त्याने जपानी विद्यार्थ्यांना शिकवले होते. त्यांतला फुकुई संस्थानचा कुसाकाबे तारो 1870 मध्ये तिथेच वारला. त्याच संस्थानाने ग्रिफिसला विज्ञान शिकवायला बोलावले. 1871 च्या मार्चमध्ये तो फुकुईला पोहोचला. आधी त्याला एका जुन्या सामुराई वाड्यात ठेवले आणि त्याच्यासाठी पाश्चात्त्य पद्धतीचे घर बांधायला घेतले. पण त्याच वर्षी सरकारने सगळी संस्थाने खालसा केली. गादी सोडून निघालेल्या दाइम्योचा, म्हणजे संस्थानिकाचा, निरोपसमारंभ ग्रिफिसने डोळ्यांनी पाहिला. 1872 च्या सुरुवातीला तोही तोक्योला गेला. ज्याने करार केला ते संस्थानच उरले नव्हते!

कुमामोतोत त्याच सुमारास आलेला लेरॉय लॅन्सिंग जेन्स हा माजी लष्करी अधिकारी वेगळ्या घडणीचा. दुभाष्याला फाटा देऊन तो सगळे विषय इंग्रजीतच शिकवी. त्याच्या प्रभावाने 1876 मध्ये विद्यार्थ्यांच्या एका गटाने ख्रिस्ती धर्म पाळण्याची जाहीर शपथ घेतली. गावात गहजब झाला आणि शाळा बंद पडली. शिक्षकाने भाषा शिकवावी, श्रद्धेला हात लावू नये, ही मर्यादा सर्वांना ठाऊक होती.

या पिढीतल्या शिक्षकांत रोजच्या जगण्याविषयी सर्वांत बारकाईने लिहिणारा म्हणजे लाफ्काडिओ हर्न. 1890 च्या ऑगस्टअखेर तो मात्सुए या पश्चिमेकडच्या आडबाजूच्या शहरात आला. महिना 100 येन पगारावर माध्यमिक शाळा आणि अध्यापक विद्यालय या दोन्हीकडे शिकवायचे होते. त्याचे नाव तिथे ‘हेरुन’ असे लिहिले गेले आणि तेच रुळले. एक डोळा गेलेला, दुसरा अधू. पुढे कागद डोळ्यांजवळ यावा म्हणून त्याने उंच मेज करवून घेतले. आधी सरायीत मुक्काम, मग किल्ल्याच्या खंदकाकाठी बाग असलेले सामुराईचे घर. हिवाळ्याने मात्र त्याला जेरीस आणले. कागदी सरकदारांच्या घरात निखाऱ्यांच्या शेगडीने हात तेवढे शेकतात. नुसत्या जपानी जेवणावर प्रकृती टिकेना, तेव्हा तो मांसाहाराकडे वळला. सामुराई घराण्यातल्या कोइझुमी सेत्सुशी त्याने संसार थाटला. तिला इंग्रजी येत नव्हती आणि त्याला जपानी धड येत नव्हती. क्रियापदांची रूपे गाळून दोघे जी मोडकी जपानी बोलत तिला ‘हेरुनसानची भाषा’ असे नावच पडले.

कुमामोतो आणि कोबे करून हर्न 1896 मध्ये तोक्योच्या शाही विद्यापीठात आला. त्याच वर्षी तो कोइझुमी याकुमो या नावाने जपानी नागरिक झाला. पगार मात्र परदेशी दराचाच होता, महिना 400 येन. 1903 मध्ये विद्यापीठाने त्याला निरोप दिला. विद्यार्थ्यांनी विरोध केला, कमी तासांचा प्रस्तावही पुढे आला, पण त्याने तो नाकारला. त्याच्या जागी आलेल्यांत इंग्लंडहून परतलेले आणि पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेले नात्सुमे सोसेकी होते. त्यांना वर्षाला 800 येन ठरले. धोरणाच्या नजरेने पाहिले तर यात अन्याय नव्हता. योजना फळाला आली होती. हर्न पुढच्याच वर्षी वारला.

तोवर इंग्रजीच्या वर्गाची दोन भागांत वाटणी झाली होती. व्याकरण आणि भाषांतर जपानी शिक्षकाकडे, उच्चार आणि संभाषण परदेशी माणसाकडे. प्रवेशपरीक्षा पहिल्या भागावर बेतलेल्या, त्यामुळे दुसऱ्याचे महत्त्व शोभेपुरते राहिले. 1922 मध्ये सरकारी सल्लागार म्हणून आलेल्या हॅरल्ड पामरने तोंडी पद्धतीचा हिरिरीने पुरस्कार केला. चौदा वर्षे राहूनही परीक्षेचे वजन त्याला हलवता आले नाही.

1987 मध्ये सुरू झालेल्या सरकारच्या जेट योजनेने परदेशी शिक्षक पुन्हा गावोगाव पोहोचला. पहिल्या वर्षी चार देशांतून 848 जण आले. 2002 मध्ये योजनेत 6 हजारांहून अधिक जण होते. आता पद सहायकाचे आहे आणि वर्गावर ताबा जपानी शिक्षकाचा. दारात बूट काढून सपाता घालायच्या, शिक्षकखोलीत आपल्या मेजाशी बसायचे, दुपारी बहुधा मुलांसोबत वर्गातच शाळेचे जेवण घ्यायचे. अनेकांच्या वाट्याला दोन-तीन किंवा अधिक शाळा येतात. घर बहुतेकदा स्थानिक शिक्षण मंडळ बघून देते, आणि भांडीकुंडी, पंखा, केरोसीनचा हीटर हे आधीच्या शिक्षकाकडून उरलेले असते. करार एका वर्षाचा; जास्तीत जास्त पाच वर्षांपर्यंत वाढवता येतो.