कल्पनेतल्या वृत्तवाहिन्या

यूबीएस, ग्लोबलिंक, एसीएन, एटीएन, क्यू टीव्ही. यांपैकी एकही वृत्तवाहिनी कोणत्याही केबलचालकाकडे कधी मिळत नव्हती. या वाहिन्यांना कार्यालये होती, निवेदक होते, बोधचिन्हे होती, पडद्याच्या तळाशी धावणाऱ्या बातम्यांच्या पट्ट्याही होत्या. नव्हते ते फक्त प्रक्षेपण. चित्रपट आणि मालिका यांच्यासाठी रचलेल्या या वाहिन्यांचा इतिहास आता पन्नास वर्षांहून जुना झाला आहे. खऱ्या वाहिन्यांनी स्वतःविषयी जे कधीच सांगितले नसते, त्यातले पुष्कळसे या खोट्या वाहिन्यांनी सांगून ठेवले आहे.

मुळात ही गरज अगदी व्यवहारी. कथेत बॉम्बस्फोट झाला, निवडणूक झाली, परग्रहावरून संदेश आला, की ती वार्ता पात्रांपर्यंत पोहोचवायला एक निवेदक लागतो. खऱ्या वाहिनीचे नाव आणि बोधचिन्ह वापरायचे तर परवानगी हवी, आणि वाहिनीला दोष देणारी कथा असेल तर ती मिळण्याची शक्यता कमीच. म्हणून तीन-चार आद्याक्षरे जुळवून नवे नाव घडवले जाते. ‘जॅग’ आणि ‘एनसीआयएस’ या अमेरिकी मालिकांमध्ये दिसणारी झेडएनएन ही अशीच. नाव ऐकताच ते कोणावरून बेतले आहे हे कळते. उलट मार्गही काहींनी चोखाळला. १९९७ च्या ‘कॉन्टॅक्ट’ या चित्रपटात सीएनएनचे खरेखुरे पत्रकार काल्पनिक घटनेच्या बातम्या देताना दिसले. बातमी देणारी माणसे नाटकात काम करू लागली तर त्यांच्या बातमीवर विश्वास कसा ठेवायचा, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला आणि त्या वाहिनीने आपल्या पत्रकारांच्या अशा सहभागावर काही काळ निर्बंध आणले. आपल्याकडे ‘नो वन किल्ड जेसिका’ने (२०११) एनडीटीव्हीचे नाव घेतले. पण ती वाहिनीच्या यशाची गोष्ट होती. अपयशाची गोष्ट सांगायची, की नाव बदलावे लागते.

अपयशाच्या या गोष्टीचा आरंभ सिडने ल्युमेट दिग्दर्शित ‘नेटवर्क’ (१९७६) या चित्रपटापासून मानावा लागेल. पटकथाकार पॅडी चायेफ्स्की आणि ल्युमेट हे दोघेही पन्नासच्या दशकातील दूरचित्रवाणीत घडलेले, त्यामुळे त्यांची टीका घरातल्या माणसाची आहे. त्यांनी एबीसी, सीबीएस आणि एनबीसी या तीन खऱ्या कंपन्यांच्या शेजारी यूबीएस ही चौथी, कल्पनेतील कंपनी उभी केली. तिथला ज्येष्ठ निवेदक हॉवर्ड बील याला प्रेक्षकसंख्या घटल्यामुळे नारळ दिला जातो. तेव्हा तो आपल्याच बातमीपत्रात जाहीर करतो, की पुढच्या आठवड्यात मी कॅमेऱ्यासमोर जीव देणार आहे. कंपनीत हलकल्लोळ माजतो, आणि लगोलग लक्षात येते की प्रेक्षक वाढले आहेत. मग करमणूक विभागाची प्रमुख बातम्यांचा विभाग ताब्यात घेते आणि बीलच्या भ्रमिष्टपणाचा रोजचा कार्यक्रम होतो. पुढे त्याचे प्रवचन ऐकून लोक कंटाळतात, पण वरच्या मालकाला तो पडद्यावर हवाच असतो. शेवटी काही अधिकारी एका खोलीत बसून, एखादी मालिका बंद करण्याचा विषय असावा इतक्या सहजपणे, त्याला कार्यक्रमातच ठार मारण्याचे ठरवतात.

या चित्रपटाला चार ऑस्कर मिळाले. बीलची भूमिका करणारे पीटर फिंच जानेवारी १९७७ मध्ये, म्हणजे पुरस्कारापूर्वीच निवर्तले. मरणोत्तर अभिनयाचे ऑस्कर मिळवणारे ते पहिले नट. त्या काळी अनेकांना ‘नेटवर्क’ अतिशयोक्त वाटला होता. आज तो पाहताना खून सोडला तर कशाचेच आश्चर्य वाटत नाही, हीच त्यातली अस्वस्थ करणारी बाब.

त्याच दशकात छोट्या पडद्यावर मात्र सौम्य विनोद चालू होता. ‘द मेरी टायलर मूर शो’ (१९७० ते १९७७) या मालिकेतील मिनियापोलिसची डब्ल्यूजेएम ही स्थानिक वाहिनी कायम मागे पडलेली, आणि तिचा निवेदक टेड बॅक्स्टर भारदस्त आवाजाचा आणि रिकाम्या डोक्याचा. शेवटच्या भागात नवा व्यवस्थापक येतो आणि सगळ्यांना कामावरून काढतो. ठेवतो तो फक्त टेडला. वृत्तवाहिनीच्या अर्थकारणावर याहून थोडक्यात भाष्य क्वचितच कोणी केले असेल.

या मालिकेच्या दोन निर्मात्यांपैकी एक जेम्स ब्रूक्स. तरुणपणी त्यांनी सीबीएसच्या वृत्तविभागात बातम्या लिहिण्याचे काम केले होते. १९८७ मध्ये त्यांनी ‘ब्रॉडकास्ट न्यूज’ हा चित्रपट केला. त्यात टॉम हा देखणा वार्ताहर एका अत्याचारपीडित स्त्रीची मुलाखत घेतो आणि ऐकता ऐकता त्याचे डोळे भरून येतात. बातमी गाजते. पुढे निर्मातीच्या कानावर एक साधी गोष्ट पडते : त्या मुलाखतीला कॅमेरा एकच होता. एकच कॅमेरा, तोही त्या स्त्रीवर रोखलेला, तर टॉमचा अश्रू टिपला कोणी? मूळ फीत काढून पाहिल्यावर कळते, की मुलाखत संपल्यानंतर कॅमेरा फिरवून तो अश्रू वेगळा चित्रित केला आणि संकलनात मध्ये जोडला. त्याने कोणावर खोटा आरोप केलेला नाही, एकही तथ्य बदललेले नाही. त्याला खरोखर वाईट वाटलेही असेल. तरी निर्माती त्याच्याशी जोडू पाहत असलेले नाते तिथेच तोडते.

काल्पनिक वृत्तवाहिन्यांच्या साऱ्या भांडारात प्रस्तुत लेखकाला हा प्रसंग सर्वांत मोलाचा वाटतो. यात खलनायक नाही. लोभी मालक नाही, भ्रष्ट मंत्री नाही. आहे तो धंद्यातला एक रोजचा जोड, जो पाहणाऱ्याला कधीच दिसत नाही.

ब्रिटिशांनी हाच धागा विनोदाच्या अंगाने नेला. चॅनल फोरवरील ‘ड्रॉप द डेड डाँकी’ (१९९० ते १९९८) या मालिकेत ग्लोबलिंक न्यूज ही वाहिनी एका धनाढ्य उद्योगपतीच्या हाती गेलेली असते. मालिकेचे भाग प्रक्षेपणाच्या अगदी तोंडावर चित्रित होत, त्यामुळे त्या आठवड्यातल्या खऱ्या बातम्यांवरचे शेरे त्यात घालता येत. पण प्रेक्षकांच्या लक्षात राहिला तो डेमियन डे हा वार्ताहर. दुर्घटनेच्या जागी पोहोचला, की ढिगाऱ्यात नेमक्या ठिकाणी ठेवण्यासाठी त्याच्याजवळ लहान मुलाचे अस्वलाचे खेळणे तयार असे. ती मालिका पाहिल्यानंतर ढिगाऱ्यातल्या एकट्या खेळण्याचे चित्र निःशंक मनाने पाहणे कठीण जाते.

यानंतरच्या मालिकांत पैसा आला, झगमगाट आला. एचबीओच्या ‘द न्यूजरूम’ (२०१२ ते २०१४) या मालिकेतील एसीएन ही वाहिनी खऱ्या, ताज्या इतिहासातील घटनांच्या बातम्या देते, आणि त्या कशा द्यायला हव्या होत्या याचे धडे देते. हा उपदेश पुष्कळदा कंटाळवाणा होतो. मात्र तिच्या दुसऱ्या पर्वातील एक कथानक उत्तम आहे. अमेरिकी सैन्याने विषारी वायू वापरल्याची बातमी सिद्ध करण्यासाठी एक निर्माता सेनाधिकाऱ्याच्या मुलाखतीतून ‘जर’ एवढा शब्द कापतो. चोरी पकडली जाते ती मागे चालू असलेल्या बास्केटबॉलच्या सामन्यामुळे : पडद्यावरचे घड्याळ मध्येच उडी मारते. हे कथानक सुचले ते १९९८ च्या खऱ्या प्रकरणावरून. त्या वर्षी सीएनएन आणि ‘टाइम’ यांनी ‘ऑपरेशन टेलविंड’विषयी असाच आरोप करणारा वृत्तांत दिला आणि महिन्याभरात तो मागे घेतला. ‘सक्सेशन’ (२०१८ ते २०२३) मध्ये तर एटीएनच्या मालकाची मुले आपसातल्या हेव्यादाव्यांतून अध्यक्षीय निवडणुकीचा निकाल घाईने जाहीर करायला लावतात, मतपत्रिका जळाल्या असताना.

भारतात मामला उशिरा सुरू झाला, कारण खासगी वृत्तवाहिन्याच उशिरा आल्या. तोवर पडद्यावरचा पत्रकार म्हणजे वर्तमानपत्रातला. मराठी प्रेक्षकाच्या मनात तर तो ‘सिंहासन’ (१९७९) मधील, निळू फुले यांनी उभा केलेला, शेवटी वेड्यासारखा हसत सुटणारा दिगू टिपणीसच. १९९८ मध्ये स्टार न्यूज आणि २००० च्या अखेरच्या दिवशी ‘आज तक’ ही चोवीस तासांची वाहिनी सुरू झाली. मराठीत चोवीस तासांच्या बातम्या येण्यास २००७ साल उजाडले. विशेष म्हणजे अझीझ मिर्झांचा ‘फिर भी दिल है हिंदुस्तानी’ जानेवारी २००० मध्ये, म्हणजे ‘आज तक’च्याही आधी पडद्यावर आला. त्यात दोन प्रतिस्पर्धी वाहिन्यांची चढाओढ एका माणसाच्या फाशीचे थेट प्रक्षेपण करण्यापर्यंत जाते. शाहरूख खान असूनही चित्रपट चालला नाही. कदाचित ज्याची थट्टा होत होती ते अजून लोकांनी पुरते पाहिलेच नव्हते.

पुढच्याच वर्षी आलेल्या ‘नायक’मध्ये क्यू टीव्हीचा शिवाजीराव थेट महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्याची मुलाखत घेतो आणि एका दिवसासाठी त्यांच्या खुर्चीवर बसतो. शंकर यांनी आपल्याच ‘मुदलवन’ (१९९९) या तमीळ चित्रपटाची ही हिंदी आवृत्ती केली होती. इथे वाहिनी ही लोकांच्या हातातली काठी आहे. हा विश्वास नंतरच्या हिंदी पडद्याला पुन्हा क्वचितच जमला. ‘रण’ (२०१०) मध्ये अमिताभ बच्चन यांच्या सचोटीच्या वाहिनीत त्यांचाच मुलगा राजकारण्याशी संगनमत करतो. ‘धमाका’ (२०२१) मध्ये मुंबईच्या सागरी सेतूवर स्फोट होतो आणि टीआरटीव्हीचा पडझड झालेला निवेदक त्यात आपल्या पुनरागमनाची संधी पाहतो. त्याच्या थंड डोक्याच्या वरिष्ठेची भूमिका अमृता सुभाष यांनी केली आहे. ‘द ब्रोकन न्यूज’ (२०२२ व २०२४) मध्ये सभ्य ‘आवाज भारती’ आणि आक्रस्ताळी ‘जोश २४/७’ यांचा सामना आहे. ही मालिका बीबीसीच्या ‘प्रेस’ (२०१८) वरून घेतलेली. पण मुळात त्या होत्या दोन वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या. भारतीय रूपांतरात त्या वाहिन्या झाल्या. आपल्याकडे बातमीची लढाई कुठे लढली जाते असे निर्मात्यांना वाटते, ते यावरून दिसतेच.

या बहुतेक कथांत दोषी माणूस बोटाने दाखवता येतो आणि तो हरला की प्रश्न सुटतो. याला दोन ठळक अपवाद आहेत. पहिला निशिकांत कामत यांचा ‘मुंबई मेरी जान’ (२००८). ११ जुलै २००६ च्या लोकल स्फोटांत रूपाली या वार्ताहराचा होणारा नवरा मारला जातो. आजवर मृतांच्या नातेवाइकांपुढे ध्वनिक्षेपक धरून, तुम्हाला काय वाटते, असे विचारणारी ती, आता तोच प्रश्न स्वतःला ऐकते. विचारणारे तिचेच सहकारी असतात. तिच्या शोकाचा कार्यक्रम होतो आणि त्याला यमक साधणारे नावही मिळते : ‘रूपाली बनी रुदाली’. यात कोणी दुष्ट नाही. सगळे आपले काम करत आहेत, कालपर्यंत ती करत होती तसेच.

दुसरा अनुषा रिझवी यांचा ‘पीपली लाईव्ह’ (२०१०). रिझवी स्वतः दूरचित्रवाणी पत्रकारितेतून आलेल्या. कर्जापायी जमीन जाऊ नये म्हणून नत्था हा शेतकरी सरकारी भरपाईसाठी जीव द्यायला तयार होतो, ही बातमी राकेश या गावाकडच्या पत्रकाराला लागते. मग दिल्लीच्या ओबी व्हॅन येतात, मागोमाग जत्रा भरते, आणि नत्था परसाकडे गेला तर त्याच्या विष्ठेवरून मनःस्थितीचे विश्लेषण थेट प्रक्षेपणात होते. याच गावात होरी महातो नावाचा एक म्हातारा रोज माती खणून विकतो. प्रेमचंदांच्या ‘गोदान’मधल्या होरीचे नाव त्याला दिलेले आहे. एके दिवशी तो स्वतः खणलेल्या खड्ड्यातच मरून पडतो. राकेश इंग्रजी वाहिनीच्या वार्ताहर बाईंना विचारतो, की ही बातमी का नाही? बाई त्याला समजावतात, की लोकांना रस आहे तो नत्थामध्ये.

विदर्भातली स्थिती त्या वर्षांत याच्या नेमकी उलट होती. पी. साईनाथ यांनी दाखवून दिले होते, की २००६ मध्ये मुंबईच्या एका फॅशन सप्ताहाचे वृत्त देण्यासाठी ५१२ पत्रकारांची अधिकृत नोंद झाली होती. त्याच वेळी विदर्भातल्या आत्महत्यांचे वार्तांकन करायला बाहेरून गेलेले पत्रकार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. सतीश मनवर यांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) मध्ये विदर्भातल्या शेतकऱ्याची हीच गोष्ट आहे. त्यात कुठलीही वाहिनी येत नाही.

‘पीपली’च्या अखेरीस आगीचा भडका उडतो, राकेश त्यात मरतो आणि जळालेला देह नत्थाचा समजून वाहिन्या गाशा गुंडाळतात. मृत्यू अपघाती ठरल्याने घरच्यांना भरपाई मिळत नाही. नत्था जिवंत आहे. गुडगावच्या एका बांधकामावर, चेहऱ्यावर धुळीचे पुट चढलेल्या मजुरांत तो बसलेला दिसतो. तिथे कॅमेरा नाही, फक्त चित्रपटाचा.