एका गणवेशातल्या तीन सेवा

'सेवा' हा आपल्याकडचा मोठा फसवा शब्द आहे. देवाची सेवा, सासू-सासऱ्यांची सेवा, रुग्णसेवा, सैन्यसेवा, आणि सरकारी नोकरीतली ती सेवापुस्तिका. कुठे पगार आहे, कुठे नाही. शब्द मात्र एकच. परिचारिका लष्करात जाते तेव्हा यातले किमान तीन अर्थ तिच्या एका गणवेशात येऊन बसतात, आणि त्यांचं आपसात पटतंच असं नाही. आज आपण या न पटण्याचा इतिहास पाहू.

सुरुवात मुंबई बंदरातून करावी लागते. २८ मार्च १८८८ रोजी दहा प्रशिक्षित ब्रिटिश परिचारिका तिथे उतरल्या. त्यांतल्या कॅथरिन लॉक पुढे रावळपिंडीला गेल्या. यांची गरज का पडली? हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेत दरवर्षी हजारी ६९ माणसं मरतात, असं रॉयल कमिशनने १८६३ सालीच सांगितलं होतं. लढाईत नव्हे हो. बहुतेक तापाने, हगवणीने, पटकीने. त्या अहवालामागे फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंची आकडेमोड होती. बाई स्वतः इकडे कधीच आल्या नाहीत, आणि आकडा कळल्यावर परिचारिका यायलाही २५ वर्षं गेली. त्या आल्या त्याही ब्रिटिश फौजेच्या रुग्णालयांसाठी; देशी शिपाई या हिशेबात नव्हता.

१९१४ मध्ये महायुद्ध पेटलं आणि इथे भरती झालेल्या परिचारिकाही लागल्या. १ ऑक्टोबर १९२६ पासून 'इंडियन मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस' कायम झाली. आपल्या पांढरपेशा घरांतल्या मुली मात्र या वाटेला फारशा गेल्या नाहीत. परपुरुषाच्या अंगाला हात लावायचा, मलमूत्र काढायचं, म्हणजे काय ते बोलायलाच नको! सेवेचं गुणगान आणि सेवा करणारीला विटाळ, हे दोन्ही आपण एकाच तोंडाने म्हणत आलो. ख्रिस्ती मुलींनी ही वाट आधी धरली.

खरा फरक पडला १९४३ मध्ये. एका अध्यादेशाने या परिचारिका कमिशन मिळालेल्या अधिकारी झाल्या. अध्यादेश म्हणजे खरं तर तात्पुरती सोय. हा युद्धकाळातला म्हणून मुदतीतून सुटला आणि तोच आजही लागू आहे. आम्हाला याची गंमतही वाटते आणि काळजीही. पुढे २७ ऑगस्ट १९७६ रोजी गर्ट्रूड अली राम मेजर जनरल झाल्या. भारतीय सैन्यात त्या हुद्द्यावर पोचलेली पहिली स्त्री ही रणांगणातून नाही, रुग्णालयातून आली.

आता दुसरी बाजू बघा. १९७७ च्या एका लष्करी सूचनेनुसार लग्न केलं की परिचारिकेची नोकरी जाऊ शकत असे. १९८८ मध्ये एका लेफ्टनंटची गेलीच. ती सूचना १९९५ मध्ये मागे घेतली, पण त्या बाईंना न्याय मिळायला फेब्रुवारी २०२४ उजाडलं. सर्वोच्च न्यायालयाने हा नियम उघड मनमानीचा ठरवून ६० लाख रुपये द्यायला सांगितले. छत्तीस वर्षं! लग्न झालेला कॅप्टन चालतो, लेफ्टनंट परिचारिका चालत नाही, यामागे कुठला अर्थ होता? सेवा म्हणजे संन्यास, हा. पगार नोकरीचा आणि अपेक्षा जोगिणीची.

आज मुली पुण्याच्या ए.एफ.एम.सी.सारख्या लष्करी नर्सिंग कॉलेजांत चार वर्षं बी.एस्सी. करतात. राहणं, जेवण, गणवेश सरकारचा, वर विद्यावेतन. बदल्यात पुढे लष्करात नोकरी करण्याचा करार. साध्या घरातल्या मुलीला हा सौदा चांगला आहे, असं आमचं मत. मुलगे विचारतील, आमचं काय? अध्यादेशात पात्रता स्त्रीचीच लिहिली आहे. म्हणून मुलगा आर्मी मेडिकल कोअरमध्ये 'नर्सिंग असिस्टंट' होतो तो शिपाई म्हणून, आणि त्याच वॉर्डातली त्याच्याच वयाची लेफ्टनंट मात्र अधिकारी असते.