वाटाण्याच्या वेलाचे तारण

अष्टागरातील चौल हे आज नारळी-पोफळीच्या बागांत दडलेले शांत गाव आहे. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र इथल्या बंदरात हुरमुजची गलबते लागत. अशाच एका गलबतातून अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन इथे उतरला. व्होल्गा नदीच्या मुखाजवळ त्याचा सारा माल लुटला गेला होता, आणि डोक्यावर देणे असल्यामुळे घरी परतायची सोय उरली नव्हती. शंभर रूबल खर्चून आणलेला तो घोडा हीच काय ती त्याची पुंजी. पुढे जुन्नरच्या खानाने तो काढून घेतला आणि मोठ्या मिनतवारीने परत दिला, ही हकीगत निकितिनने स्वतःच लिहून ठेवली आहे. १९५७ साली ख्वाजा अहमद अब्बास यांनी रशियन सहकाऱ्यांसह ह्याच निकितिनवर ‘परदेसी’ हा चित्रपट काढला. एका कर्जबाजारी माणसाची कथा सांगायला दोन देशांचा पैसा लागला!

चित्रपटासाठी पैसा उभा करणे हा व्यवहारही निकितिनच्या घोड्यासारखाच. सारी पुंजी एकाच गोष्टीत घालायची आणि तिला गिऱ्हाईक मिळेपर्यंत जीव मुठीत धरून बसायचे. तरी १९५७ साली पैसे देणाऱ्याला चित्रपट म्हणजे काय हे निदान ठाऊक होते. त्याआधी पंचेचाळीस वर्षे, १९१२ साली, धुंडिराज गोविंद फाळके मुंबईत पैसे मागायला निघाले तेव्हा त्यांना आधी समजावून सांगावे लागले, की असली चित्रे इथे, आपल्या माणसांकडूनही होऊ शकतात.

फाळके तेव्हा बेचाळीस वर्षांचे होते. वय एवढे, पण एका अर्थी ते विद्यार्थीच. छायाचित्रण झाले होते, ठसे कोरण्याचे काम झाले होते, रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी जर्मनीची वारीही झाली होती. आणि भागीदारांशी न पटल्यामुळे छापखाना सुटला होता. गिरगावात ख्रिस्तचरित्राचा पट पाहिला आणि पडद्यावर आपले राम-कृष्ण कधी दिसतील ह्या एकाच ध्यासाने त्यांना घेरले. रात्री-रात्री चित्रे पाहणे, दिवसा वाचन आणि प्रयोग, झोप नावालाच. डोळ्यांवर परिणाम होऊन काही काळ दिसेनासे झाले. डॉक्टरांच्या उपचाराने दृष्टी वाचली.

ह्या माणसाकडे तारण म्हणून ठेवण्याजोगे काय होते? विम्याची कागदपत्रे. ती गहाण टाकून दहा हजार रुपये मिळाले, आणि १९१२ च्या फेब्रुवारीच्या प्रारंभी ते विलायतेला गेले. तिथे एका चित्रपटविषयक साप्ताहिकाच्या संपादकांनी त्यांना सेसिल हेपवर्थ यांच्याकडे पाठवले. हेपवर्थ यांच्या कलागृहात सारी कृती डोळ्यांनी पाहायला मिळाली. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, कोऱ्या फितीला कडेने भोके पाडण्याचे यंत्र आणि कोडॅकची फीत ह्यांची मागणी नोंदवून दोन महिन्यांत ते परतले. यंत्रे आली, शेजारची मुले उभी करून कॅमेऱ्याची चाचणीही झाली. पण एवढ्यात पैसा संपला. खरा चित्रपट अजून डोक्यातच होता.

इथे फाळक्यांनी जे केले ते मला त्यांच्या पुढच्या पौराणिक चमत्कारांहून मोठे वाटते. त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले आणि तिच्यापुढे कॅमेरा रोवला. महिन्याहून अधिक काळ ते थोडी थोडी चित्रे टिपीत राहिले. फीत पडद्यावर चालली तेव्हा जमिनीतून अंकुर डोके वर काढतो, पाने उलगडतात आणि वेल तरारून चढतो, असे सारे मिनिटभरात दिसले. नाव ठेवले ‘अंकुराची वाढ’. आमच्याकडे भातकापणी झाली की वाल पेरतात, आणि पोपटीच्या दिवसांपर्यंत शेंगा केव्हा भरल्या हे कोणाला कळतही नाही. नित्य डोळ्यांपुढे असून न दिसणारी ती हालचाल पहिल्याने पाहणाऱ्याला केवढी नवलाची वाटली असेल!

ह्या कथेत एक गोम आहे. फाळक्यांनी रोज एकच चित्र घेतले असे सर्रास सांगतात, आणि फीत मिनिटभराची झाली असेही सांगतात. ही दोन विधाने एकत्र नांदत नाहीत. त्या काळी सेकंदाला सुमारे सोळा चित्रे धावत. रोज एक धरले तर महिनाभराची कमाई जेमतेम दोन सेकंदांची. मिनिटभरासाठी साडेनऊशेच्या वर चित्रे हवीत, म्हणजे दिवसाला तीस-बत्तीस. दिवसभर पुन्हा पुन्हा कुंडीपाशी जाऊन कॅमेऱ्याचा दांडा नेमका तेवढाच फिरवणे, कुंडी तसूभर हलू न देणे, उजेड बदलला की सावध होणे, हे रोजच्या एका चित्राहून कितीतरी चिकाटीचे काम. इंग्लंडात पर्सी स्मिथ यांनी १९१० साली फुले उमलताना अशीच दाखवली होती; तेव्हा युक्ती जगाला नवी नव्हती. नवा होता तिचा उपयोग. फाळक्यांनी ती कर्जाच्या अर्जाला जोडली.

फीत निवडक मंडळींना दाखवली गेली, आणि यशवंतराव नाडकर्णी यांनी पैसे देण्याचे कबूल केले. नाडकर्णी छायाचित्रणाच्या साहित्याचे व्यापारी. पडद्यावरचा वेल पाहून इतरांनी तोंडात बोट घातले असेल. त्यांना मात्र त्यामागे किती हिशेब आणि किती संयम आहे हे उमगले असणार. पैसे देणारा जाणता भेटणे हे कलावंताचे अर्धे भाग्य.

उरलेले अर्धे भाग्य घरात होते. सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने गहाण ठेवायला काढून दिले, हे बहुतेकांना ठाऊक असते. त्यांनी केलेले काम मात्र क्वचितच कोणी सांगतो. कोरी फीत भोके न पाडलेली येई. ती अंधारात यंत्रावर धरून भोके पाडायला त्या शिकल्या. रसायने कालवणे, फीत धुणे हेही त्यांच्याकडे आले. चित्रीकरण सुरू झाले तेव्हा उन्हात पांढऱ्या चादरी धरून पात्रांवर उजेड पाडायचा, आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही करायचा. एवढ्या हातांची मजुरी हिशेबात धरली असती, तर नाडकर्ण्यांचे कर्ज पुरते ना. भांडवलदारांच्या यादीत त्यांचे नाव पहिले यायला हवे होते.

‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रगृहात लागला आणि पैसे फिटण्याची वाट मोकळी झाली. राणी तारामतीचे काम अण्णा साळुंके यांनी, एका पुरुषाने, केले. रोहिदास झाला फाळक्यांचाच मुलगा भालचंद्र. पोटच्या पोराला मोबदला द्यावा लागत नाही, हाही काटकसरीचाच भाग!

पण सावकाराची समजूत एकदा पटवली म्हणजे कायमची पटली, असे नसते. १९१४ साली महायुद्ध पेटले, पैसे देणाऱ्यांनी हात आखडला, आणि दागिने पुन्हा गहाण पडले. फाळके पुन्हा त्याच युक्तीकडे वळले. १९१७ साली त्यांनी ‘चित्रपट कसे तयार करतात’ ही छोटी फीत केली. तीत ते स्वतःच कलाकारांना शिकवताना आणि फीत कापून जोडताना दिसतात. पाच वर्षांपूर्वी कुंडीतला वेल पुढे केला होता, आता कारखानाच पुढे केला. त्याच साली ‘लंकादहन’ने तुफान गर्दी खेचली, तेव्हा भागीदार आपण होऊन चालत आले आणि १९१८ च्या आरंभी हिंदुस्थान फिल्म कंपनी उभी राहिली.

त्यानंतर शिकाऊ चित्रपटकारांसाठी सरकारनेच पदर मोकळा केला. १९६० पासून पुण्याच्या संस्थेत विद्यार्थ्यांच्या लघुपटांचा खर्च संस्थाच उचलते. १९७६ साली गुजरातच्या पाच लाख दूध-उत्पादकांनी दोन-दोन रुपये काढून श्याम बेनेगलांचा ‘मंथन’ उभा केला. फाळक्यांना मात्र भागीदार लाभले नाहीत. त्यांच्याशी खटके उडून वर्ष-दोन वर्षांतच ते कंपनी सोडून काशीला गेले, आणि तिथे नाटक लिहीत बसले. नाटकाला फीत लागत नाही.