गुणिजनखाना आणि काचेच्या नळ्या

जयपूर दरबारच्या छत्तीस कारखान्यांपैकी एक असलेल्या, गायक-वादकांच्या गुणिजनखान्याला सवाई रामसिंहांच्या आमदानीत जो बहर आला, त्याचा वारसा सांगणारे अल्लादियाखाँसाहेब १८९५ च्या सुमारास शाहू महाराजांच्या कोल्हापुरी स्थिरावले, आणि त्यांची गायकी त्यांच्या शिष्या केसरबाई, मोगूबाईंच्या जेमतेम साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांतून मराठी दिवाणखान्यांत पोहोचली.

त्या तबकड्या कशावर ऐकाव्यात, हा शौकिनांचा जुना तंटा आहे. नारिंगी उजेडात तापणारा नळ्यांचा ॲम्प्लिफायर स्वरात भेसळ करतो खरा, परंतु ती मुख्यतः वरच्या सप्तकातल्या त्याच स्वराची असल्यामुळे कान तिला दोष न मानता भरदारपणा मानतो; त्याची किंमत म्हणजे जडशीळ ट्रान्सफॉर्मर, झिजणाऱ्या नळ्या आणि जयपूरच्या ज्येष्ठात (तिथली लू सोसलेल्यांना सांगायला नको) शेजारी पेटलेली शेगडी. ट्रान्सिस्टरचा थंड असतो, खर्जावर त्याची पकड घट्ट. मात्र सुमार बनावटीत लहरीचे दोन अर्ध जोडणारा सांधा, तानपुऱ्याची जवारी विरत असताना नेमका, दातांखालच्या खड्यासारखा जाणवतो. हा सांधा टाळणारा ‘अ’ वर्गाचा ट्रान्सिस्टर ॲम्प्लिफायर पुन्हा शेगडीच. माझा कौल, उन्हाळ्यातसुद्धा, नळ्यांनाच.