स्पॅनिशच्या अध्ययनात इंग्रजी व्याकरणाचे साहाय्य : एक ऐतिहासिक विचार

इ. स. १४९२ च्या ऑगस्ट महिन्यात सालामांका येथे आन्तोनियो दे नेब्रिखा याचे कास्तिलियन भाषेचे, म्हणजेच आज स्पॅनिश म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भाषेचे, व्याकरण प्रसिद्ध झाले. राणी इसाबेला हिला अर्पण केलेल्या या ग्रंथाची प्रस्तावना भाषा आणि साम्राज्य यांचा संबंध जोडणाऱ्या विचारामुळे फार गाजली आहे. परंतु त्याच प्रस्तावनेत ग्रंथकाराने आपल्या कृतीचे जे तीन उपयोग सांगितले, त्यांपैकी दुसरा प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. ज्याला लॅटिन शिकावयाचे आहे त्याने आधी कास्तिलियनचे व्याकरण समजून घ्यावे. ते त्याच्या अंगवळणी पडलेल्या भाषेवरच रचलेले असल्यामुळे त्यास जड जाणार नाही, आणि पुढे लॅटिनमधील दुर्बोध स्थळे आपोआप सुगम होतील, असा नेब्रिखाचा युक्तिवाद आहे. हा युक्तिवाद केवळ तात्त्विक नव्हता. १४८१ मध्ये त्याने लॅटिनचे पाठ्यपुस्तक लिहिले होते, आणि काही वर्षांनी राणीच्या इच्छेवरून त्याच पुस्तकाची लॅटिनसमोर कास्तिलियन ठेवणारी आवृत्ती काढली होती. दोन भाषा शेजारी शेजारी मांडल्या म्हणजे काय जुळते व काय जुळत नाही, हे त्याने अध्यापनातच अनुभवले होते. लॅटिनमध्ये शब्दांच्या आठ जाती मानल्या जात. कास्तिलियनसाठी त्याने दहा मानल्या, आणि लॅटिनमध्ये नसलेल्या उपपदास त्यांत स्वतंत्र स्थान दिले.

ज्ञात भाषेच्या व्याकरणावरून अज्ञात भाषेकडे जाण्याचा हा मार्ग पुढे इंग्रजांनी स्पॅनिश शिकताना अवलंबिला. मात्र त्यांच्या बाबतीत एक अडचण होती. इंग्रजीचे व्याकरण म्हणून जे त्यांस ठाऊक होते, ते वस्तुतः लॅटिनचेच होते. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून इंग्लंडमधील शाळांतून राजाज्ञेने विल्यम लिलीच्या नावाचे लॅटिन व्याकरण शिकविले जाई. त्याच्या इंग्रजीत लिहिलेल्या भागात लॅटिन विभक्ती ओळखण्याच्या खुणा दिलेल्या असत : ‘ऑफ’ आले की षष्ठी समजावी, ‘टु’ आले की चतुर्थी, ‘मे’, ‘कॅन’, ‘शुड’ ही क्रियापदे दिसली की अमुक एक अर्थ समजावा. इंग्रजी शब्दांना व्याकरणात प्रथम प्रवेश मिळाला तो अशा रीतीने, लॅटिन रूपांच्या पाट्या म्हणून. १५८६ मध्ये विल्यम बुलोकर याने इंग्रजीचे स्वतंत्र व्याकरण छापले, तेही लिलीच्याच चौकटीत. आपल्या पुस्तकामुळे इतर भाषांच्या व्याकरणात प्रवेश करणे सुलभ होईल, असे त्याने मुखपृष्ठावरच सांगितले होते.

त्याच वर्षी ऑक्सफर्ड येथे आन्तोनियो देल कोर्रो याचे स्पॅनिश व फ्रेंच भाषांचे नियम सांगणारे पुस्तक निघाले. कोर्रो हा सेव्हिलजवळच्या सान इसिदोरो मठातील संन्यासी. प्रोटेस्टंट मताकडे कल झाल्यामुळे १५५७ मध्ये त्याला देशत्याग करावा लागला होता. त्याच्या पुस्तकाचे जॉन थोरियस याने केलेले इंग्रजी रूपांतर १५९० मध्ये लंडनला प्रसिद्ध झाले. १५९१ मध्ये रिचर्ड पर्सिव्हल याने व्याकरणासह स्पॅनिश, इंग्रजी व लॅटिन असा त्रैभाषिक कोश काढला, आणि १५९९ मध्ये जॉन मिनशू याने तो वाढवून पुन्हा छापला. स्पॅनिश आरमाराची स्वारी १५८८ ची, आणि दोन्ही राष्ट्रांतील युद्ध १६०४ पर्यंत चालले, हे ध्यानात घेतले म्हणजे या पुस्तकांची मागणी कोठून आली हे वेगळे सांगावयास नको. शत्रूची भाषा शिकण्याची निकड मित्राच्या भाषेपेक्षा नेहमीच अधिक असते.

या परंपरेतील सर्वांत लक्षणीय ग्रंथ जेम्स हॉवेल याचा होय. हॉवेल १६२२ ते १६२४ या काळात माद्रिदमध्ये होता. इंग्लंडचा युवराज चार्ल्स स्पॅनिश राजकन्येस मागणी घालण्यासाठी तेथे गेला, ते प्रकरण त्याने जवळून पाहिले होते. त्याचे पुस्तक १६६२ मध्ये निघाले, तेव्हा तोच चार्ल्स राजा होऊन, गादी व शिर गमावून, त्याचा पुत्र सिंहासनावर बसला होता. या दुसऱ्या चार्ल्सची नववधू, ब्रागांझा घराण्यातील पोर्तुगीज राजकन्या कॅथरिन, हिच्या सेवेसाठी हा ग्रंथ सिद्ध झाला. मुंबई बेट इंग्रजांना आंदण मिळाले ते याच विवाहात. ग्रंथाच्या पूर्वार्धात परकीयांसाठी इंग्रजीचे व्याकरण आहे, उत्तरार्धात स्पॅनिशचे. आणि मजकूर दोन्ही भाषांत समोरासमोर मांडलेला आहे. पोर्तुगीजला मात्र त्यात ‘बोली’ म्हणून काही टिपांवर समाधान मानावे लागले. पोर्तुगालने १६४० पासून स्पेनविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध चालविले असता पोर्तुगीज राणीस अर्पण केलेल्या पुस्तकात तिच्या भाषेचा असा उल्लेख व्हावा, हे जरा चमत्कारिकच म्हटले पाहिजे.

हॉवेलच्या मांडणीमुळे एक गोष्ट उघड होते. त्याच्या काळच्या इंग्रज वाचकाजवळ असलेले काही भाषिक साहाय्य पुढच्या पिढ्यांजवळ उरले नाही. ‘दाऊ’ हे एकवचनी सर्वनाम तेव्हा मागे पडू लागले होते, तरी जिवंत होते. त्यामुळे स्पॅनिशमधील ‘तू’ आणि आदरार्थी संबोधन यांतील भेद त्याला स्वतःच्या भाषेवरून समजत असे. ‘व्ह्वेस्त्रा मेर्सेद’, म्हणजे ‘आपली कृपा’, या संबोधनापासून झिजून झालेले ‘उस्तेद’ हे रूप तृतीय पुरुषी क्रियापद का घेते, हेही तत्कालीन दरबारी इंग्रजीतील तशाच संबोधनांवरून त्याच्या ध्यानात येण्याजोगे होते. पुढे ‘दाऊ’ प्रार्थनेपुरते उरले आणि इंग्रज विद्यार्थ्याला हाच भेद नव्याने, नियम म्हणून, पाठ करावा लागला. ‘इंग्रजीच्या ज्ञानाची मदत’ असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा ते इंग्रजी कोणत्या शतकातले, हा प्रश्न विचारावाच लागतो.

दुसरा प्रश्न व्याकरणाच्या परिभाषेचा. लॅटिनच्या साच्यात इंग्रजीला बसविल्याबद्दल जुन्या वैयाकरणांना पुष्कळ दोष देण्यात आला आहे, आणि इंग्रजीपुरता तो रास्तही आहे. परंतु स्पॅनिश ही लॅटिनची कन्या आहे. नामाचे लिंग, क्रियापदाचे पुरुष-वचनानुसार बदलणारे प्रत्यय, संशय किंवा इच्छा दाखविणारा संकेतार्थ या गोष्टी इंग्रजीत जवळजवळ नामशेष झाल्या होत्या; स्पॅनिशमध्ये त्या नांदत होत्या. म्हणून जो इंग्रज मुलगा शाळेत निरर्थक वाटणाऱ्या संज्ञा घोकून बाहेर पडे, त्याला स्पॅनिश शिकताना त्या संज्ञांचा अर्थ प्रथमच प्रत्यक्ष रूपात दिसे. इंग्रजीचे सदोष वर्णन स्पॅनिशची बरी पूर्वतयारी ठरले, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

अर्थात ही तयारी सर्वत्र उपकारक नव्हती. १७९५ मध्ये प्रसिद्ध झालेले लिंडली मरे याचे इंग्रजी व्याकरण पुढील काळात इंग्लंड-अमेरिकेतील शाळांतून अतिशय रूढ झाले. मरेने इंग्रजीतील ‘आय लव्ह्ड’ या साध्या भूतकाळाला ‘इम्परफेक्ट’ म्हणजे अपूर्ण भूतकाळ असे नाव दिले, आणि ती क्रिया संपलेली असो वा नसो, दोन्ही अर्थ त्याच नावाखाली घातले. स्पॅनिशमध्ये याच नावाचा काळ आहे, पण तो केवळ चालू असलेल्या, सवयीच्या किंवा पार्श्वभूमीच्या क्रियेसाठी. संपलेल्या क्रियेसाठी निराळे रूप आहे. ‘हाब्लाबा’ म्हणजे तो बोलत होता किंवा बोलत असे, ‘हाब्लो’ म्हणजे तो बोलला. मरेचे व्याकरण पाठ असलेल्या विद्यार्थ्याने नावावर विश्वास ठेवून प्रत्येक इंग्रजी भूतकाळासाठी ‘हाब्लाबा’ योजावे, ही चूक त्याच्या अज्ञानातून नव्हे, ज्ञानातून उद्भवणारी होय. शेवटच्या स्वरावर आघात देऊन उच्चारल्या जाणाऱ्या त्या ‘हाब्लो’साठी त्याच्या व्याकरणात वेगळे घर नव्हते.

या नावांच्या घोटाळ्यावर प्रहार केला तो आंद्रेस बेयो याने. काराकासमध्ये जन्मलेला हा विद्वान १८१० ते १८२९ अशी एकोणीस वर्षे लंडनमध्ये राहिला. १८४७ मध्ये सान्तियागो येथे त्याने अमेरिकेतील स्पॅनिशभाषकांसाठी जे व्याकरण प्रसिद्ध केले, त्यात लॅटिनमधील भेद स्पॅनिशवर लादण्यास त्याने स्पष्ट विरोध केला. प्रत्येक भाषेचे व्याकरण त्या भाषेतूनच काढले पाहिजे, असे त्याचे मत होते. काळांना त्याने नवी नावे दिली. ‘हाब्लाबा’ला त्याने ‘कोप्रेतेरितो’, म्हणजे भूतकाळातील दुसऱ्या घटनेशी सहवर्ती असणारा काळ, असे म्हटले. नाव ऐकताच उपयोग कळावा, असे हे नामकरण आहे. इंग्रजी वाचकांसाठी लिहिलेल्या पाठ्यपुस्तकांनी मात्र ‘इम्परफेक्ट’ हेच नाव कायम ठेवले. परिचित नाव सोडण्यास अध्यापक सहसा तयार नसतात.

विसाव्या शतकात हा विचार अमेरिकेत शास्त्रीय पायावर उभा राहिला. १९५७ मध्ये मिशिगन विद्यापीठातर्फे रॉबर्ट लादो याचा दोन भाषा व संस्कृती यांच्या तुलनेवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. लादोचे आईवडील स्पेनमधून फ्लोरिडात आलेले. त्याचे बालपण स्पेनमध्येच गेले. विद्यार्थी आपल्या भाषेतील रूपे व अर्थ नव्या भाषेत घेऊन जातो, म्हणून दोहोंची पद्धतशीर तुलना केल्यास अडचणी आधीच सांगता येतील, अशी त्याची भूमिका होती. १९६५ मध्ये स्टॉकवेल, बोवेन व मार्टिन यांनी इंग्रजी आणि स्पॅनिश यांच्या व्याकरणिक रचनांची तुलना करताना अडचणींची श्रेणी लावली. जेथे विद्यार्थ्याच्या भाषेत निवडीचा प्रश्नच नसतो आणि नव्या भाषेत निवड अपरिहार्य असते, तो प्रकार त्यांनी सर्वांत कठीण मानला. उलट ‘आय हॅव रिटन’ आणि ‘ए एस्क्रितो’ यांसारख्या रचनांत साहाय्यक क्रियापद व धातुसाधित यांची जोडी सारखीच असल्याने शिक्षकाने तेथे फारसा वेळ घालवू नये, हे ओघानेच आले. विद्यार्थ्यांच्या पुष्कळ चुका स्वभाषेतून येत नसून शिकण्याच्या प्रक्रियेतूनच उद्भवतात, हे पुढे १९६७ मध्ये पिट कॉर्डर याच्या निबंधाने पुढे आणले आणि तुलनेवरून भाकीत करण्याचा दावा सौम्य करावा लागला. तुलनेचा वर्णनात्मक उपयोग मात्र त्यामुळे नष्ट झाला नाही.

इंग्रजी व्याकरण जेथे फसविते त्याचे प्रसिद्ध उदाहरण ‘गुस्तार’ या क्रियापदाचे आहे. ‘मे गुस्ता एल पान’ या वाक्याचा अर्थ ‘आय लाइक ब्रेड’ असा सांगितला की विद्यार्थी ‘आय’ हा कर्ता धरून बसतो. स्पॅनिशमध्ये कर्ता ‘पान’, म्हणजे पाव, हा आहे. आवडणारा मनुष्य चतुर्थीत आहे. गंमत अशी की प्राचीन इंग्रजीत हेच क्रियापद याच पद्धतीने वापरले जाई. व्यक्ती चतुर्थीत असे आणि वस्तू कर्ता असे. शेक्सपियरच्या काळापर्यंत या रचनेचे अवशेष आढळतात. इंग्रजीने आपला मार्ग बदलला नसता तर पाठ्यपुस्तकांतील हा स्वतंत्र धडा लिहावाच लागला नसता.

महाराष्ट्रातील स्पॅनिशचा विद्यार्थी पुष्कळदा इंग्रजीतून लिहिलेले पुस्तक हाती धरतो, आणि इंग्रजाच्या अडचणी आपल्या समजून सोडवीत बसतो. ‘मला पाव आवडतो’, ‘मला आंबे आवडतात’ असे म्हणणाऱ्यास ‘गुस्ता’ आणि ‘गुस्तान’ यांतील फरक सांगण्याची गरज नाही. ‘मी रामाला पाहिले’ पण ‘मी घर पाहिले’ असा भेद तो नकळत करतो. स्पॅनिशमध्येही ‘बी आ ह्वान’ पण ‘बी ला कासा’ असेच म्हणतात, आणि इंग्रजी पुस्तक या ‘आ’वर एक संपूर्ण प्रकरण खर्च करते. ‘त्याने यावे अशी माझी इच्छा आहे’ यातील ‘यावे’ हे ‘किएरो के बेंगा’मधील ‘बेंगा’चे काम करते, इंग्रजी रचनेवरून तेथे पोहोचावयाचे तर वळसा घ्यावा लागतो. निर्जीव वस्तूंना लिंग असते हे ऐकून त्याला आश्चर्य वाटत नाही. कोणत्या शब्दाचे कोणते, एवढेच त्याला लक्षात ठेवावयाचे असते, आणि त्यातही मराठीच्या तीन लिंगांऐवजी दोनच.

सर्वच ठिकाणी मराठी उपयोगी पडते असे नाही. ‘सेर’ आणि ‘एस्तार’ या दोन क्रियापदांसाठी मराठीतही ‘आहे’ हे एकच आहे. ‘एस लिस्तो’ म्हणजे तो हुशार आहे आणि ‘एस्ता लिस्तो’ म्हणजे तो तयार आहे, हा भेद इंग्रजाइतकाच मराठी विद्यार्थ्यालाही नव्याने शिकावा लागतो. उपपदाच्या बाबतीत तर इंग्रजाची स्थिती बरी. ‘द’ हा शब्द त्याच्या जवळ असल्यामुळे पुस्तक ‘एल’ व ‘ला’ यांचा उपयोग थोडक्यात आटोपते, आणि मुख्यतः जेथे इंग्रजीत उपपद येत नाही पण स्पॅनिशमध्ये येते अशीच स्थळे दाखविते. ज्या विद्यार्थ्याच्या भाषेत उपपदच नाही, त्याला निश्चित आणि अनिश्चित यांतील भेद मुळापासून हवा असतो. ते प्रकरण या पुस्तकांत नसते. मराठीतून स्पॅनिशचे व्याकरण लिहिणाऱ्याला ते स्वतःच रचावे लागेल.